घरी पोचल्याचा फोन

सुधाकर,

तुला एक फोन करायचा राहून गेला आहे. फार काही बोलायचं नव्हतं. ‘घरी पोचलो’, एवढंच. इतकी वर्षं हा फोन मी तुला करत आलो. कधी कंटाळून, कधी तोंडात घास असताना, कधी तुझ्यावर चिडलेलो असतानासुद्धा. आणि ज्या दिवशी तू खरोखर त्याची वाट बघत पडला होतास, त्या दिवशी तो तुला केला नाही. विसरलो म्हणावं तर विसरलो नव्हतो. मी तो दुसऱ्याला केला.

हे मला तुझ्या तेरवीच्या दिवशी कळलं. निर्मलावहिनींनी सांगितलं. तेव्हापासून जेवायला बसलो की पहिला घास हातातच राहतो. लता विचारते, भाजी आवडली नाही का. बायकोला काय सांगणार? म्हणून तुलाच लिहायला बसलो. आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलं, मायना चुकला की अर्धा गुण कापला, आणि आज स्वतःला मायना सुचत नाही. तीर्थरूप लिहावं तर तू माझ्याच वयाचा. प्रिय लिहावं तर तू असतास तर पुलगावभर दाखवत फिरला असतास. म्हणून नुसतं सुधाकर.

तू पहिल्यांदा भेटलास तो प्रसंग मला अजून राग आणतो. शिक्षकांच्या खोलीत मधली सुट्टी चालली होती, मी वह्या तपासत होतो. तू दारातूनच विचारलंस, ‘मोटारसायकल कोनाकोनाकडं आहे?’ चोरीचा तपास करायला कुणी आलंय असं वाटून सगळे गप्प बसले. मी मान वर केली नाही. तू सरळ माझ्या टेबलाशी आलास आणि म्हणालास, ‘मास्तर, वह्या काई पयून नाई जात. दोन मिनिटं आयका.’ रेल्वेच्या तिकीट खिडकीवर उभी हयात गेलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड वर करायला लावायची कला बरोबर येते.

तुझं म्हणणं साधं होतं. पुलगाव, देवळी, आर्वीकडच्या लहान दवाखान्यांत रक्तपेढी नाही. पेशंटला रक्त लागलं की नमुन्याची नळी आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन घरचं माणूस वर्ध्याला धावतं. तपासणी होऊन पिशवी हातात येईपर्यंत बाकावर बसून राहतं. मग परतीच्या एस.टी.साठी उभं राहतं. ‘नातेवाईकानं पेशंटजवळ बसाव,’ तू म्हणालास, ‘पयापय आपन कराव.’ बस, एवढीच आपली संस्था. ना नाव, ना पाटी. कुणीतरी ‘दूत’ असलेलं भारदस्त नाव सुचवलं तेव्हा तू म्हणालास की दूत म्हटलं की लोकांना यमाचाच आठवतो. मग नाव राहूनच गेलं. पाच-सहा माणसं, ज्याची त्याची गाडी, मागे पट्ट्याने आवळलेला बर्फाचा डबा. दवाखान्याचा फोन तुला, तुझा फोन आम्हाला.

हे सगळं तुझ्या डोक्यात कुठून आलं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. देवळीच्या टपरीवर आपण चहा पीत होतो आणि तू विषय नसताना बोललास. तुझी आई दवाखान्यात होती आणि तू तिच्यासाठी रक्त आणायला वर्ध्याला गेला होतास. पिशवी घेऊन एस.टी.त बसलास. शेजारची बाई पिशवीकडे बघायला लागली म्हणून ती शर्टाच्या आत धरलीस. ‘पोटाशी धरली मास्तर, गरम होऊन गेली. थे गरम करायचं नसते हे बी माईत नवतं. पन उपेग बी नवता. माय तोवर गेलती.’ मी काही बोलणार तेवढ्यात तू कप खाली ठेवून उठलास आणि माझ्या गाडीची चेन ढिली आहे म्हणून मला झापलंस. त्यानंतर तो विषय तू कधी काढला नाहीस, मीही काढला नाही. काढायला हवा होता का? आता वाटतं, हवा होता.

दुसरा फोन मात्र माझ्यामुळे सुरू झाला, हे मान्य करतो. आधी एकच फोन होता. डबा काउंटरवर दिला की तुला कळवायचं, ‘पोचलं’. त्या दिवशी मी पुलगावला डबा दिला, ‘पोचलं’ म्हणून सांगितलं आणि निघालो. दिवस कलला होता. देवळीच्या अलीकडे तुरीच्या शेतातून रोही उसळली आणि रस्त्यावर आली. एवढी थोरली नीलगाय, घोड्याएवढी, क्षणभर माझ्याकडे बघत थांबली. तेवढ्यात मी, गाडी आणि रिकामा डबा तिघेही नालीत. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. फोन कुठे उडाला ते दिसत नव्हतं. लताला वाटलं मी अजून दवाखान्यात आहे. दवाखान्याला माहीत होतं की मी निघालो. तुला माहीत होतं की डबा पोचला. सगळे आपापल्या जागी निवांत. कापसाचा ट्रॅक्टर घेऊन चाललेल्या माणसाला डबा दिसला, मग मी दिसलो.

दुसऱ्या दिवशी तू आलास तो माझी विचारपूस करायला असं लताला वाटलं. तिनं खुर्ची दिली. तू बसला नाहीस.

‘डबा पोचला म्हनून आमी मजेत जेवलो,’ तू म्हणालास. ‘अन् तू नालीत!’

‘रोही आडवी आली रे.’

‘रोही आली तं आली, तिचं रान आहे. आजपासून दोन फोन. डबा देल्ला का ‘पोचलं’. घरी गेला का ‘घरी’. थो दुसरा आल्याबिगर मी जेवनार नाई.’

‘अरे, माझ्या सासूनं कधी एवढं विचारलं नाही.’

‘तुह्या सासूनं तुले डबा घेऊन धाडलं नवतं.’

जेवणार नाही ही मला बोलायची रीत वाटली होती. पुढे एकदा तुझ्या घरी दुपारीच आलो तर ताट झाकून ठेवलेलं, वहिनी वैतागलेल्या. म्हणाल्या, ‘पाहा नं भाऊजी, प्रमोदचा फोन नाई आला म्हनून उपाशी बसले. त्या प्रमोदले काई पोट नाई का, थो कुठं तरी जेवून बसला असन.’ वहिनींचं खरं निघालं. आंजीचा आपला प्रमोद, भाजीची वाडी करणारा, आर्वीला डबा देऊन तिथूनच एका लग्नात शिरला होता. तू त्या मंगल कार्यालयाचा नंबर मिळवलास आणि मंगलाष्टकं संपल्या संपल्या माईकवरून पुकारा झाला: आंजीचे प्रमोदभाऊ जिथं असतील तिथून त्यांनी पुलगावच्या सुधाकरभाऊंना घरी पोचल्याचा फोन करावा. तो लग्नात, आणि घरी पोचल्याचा फोन! प्रमोद सांगतो, नवरदेवसुद्धा हसला. त्या दिवसापासून मात्र कुणी चुकलं नाही.

आणि फोन केला की तुझं उत्तर ठरलेलं. ‘झालं मंग. जेवजो.’ कट. ना कसा आहेस, ना रस्ता कसा होता. पुढचा माणूस खिडकीवर आल्यासारखं.

आपलं भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून होतं आणि ते अर्धवटच राहिलं. तुझा नियम होता, डबा काउंटरवर ठेवायचा आणि गाडी वळवायची. वर जायचं नाही. पेशंटचं नाव वाचायचं नाही. पुढे काय झालं ते विचारायचं नाही. मला हे कधी पटलं नाही. एवढं धावायचं आणि गोष्टीचा शेवटच वाचायचा नाही? मराठीच्या मास्तरला असला धडा चालत नाही.

म्हणून मी एकदा विचारलंच. पुलगावची एक बाळंतीण होती, मीच पिशवी नेली होती. दोन दिवसांनी पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा सिस्टरला हळूच विचारलं. बाई वाचली होती, बाळाला घेऊन माहेरी गेली होती. मी येताना जिलबी घेतली आणि तुझ्याकडे आलो. तू जिलबी खाल्लीस आणि बोटं पुसलीस. पुढच्या खेपेला परत विचारलं. एक म्हातारा होता. तो मी गाडी वळवत असतानाच गेला होता. मग मी घरी येऊन फोन बंद करून ठेवला. तुझा एक फोन आला, दुसरा आला, मी उचलले नाहीत. शेवटी तू दारात उभा.

‘पाह्य,’ तू म्हणालास. ‘बाई वाचली तं जिलबी. बुढा मेला तं फोन बंद. अशानं गाडी कशी चालन? पुढच्याले रक्त कोन नेईन?’

‘माणूस आहे मी. वाईट वाटणार नाही का?’

‘वाटू दे नं. पन घरी बसून नोको वाटू देऊ.’ मग जरा आवाज खाली घेऊन म्हणालास, ‘खिडकीवर बसनाऱ्याले, मानूस कुठं चालला थे कयते. काऊन चालला थे विचारू नाई. कोनी मयतीले जाते, कोनी लग्नाले. आपन तिकीट द्याव.’

‘खिडकीतून माणसाचं तोंड तरी दिसतं. डब्याला तोंड नसतं सुधाकर.’

‘म्हनूनच बरं आहे.’

मी म्हणायचो, पेशंटची चौकशी नको आणि आमची मात्र घरापर्यंत, हा कुठला न्याय? तू म्हणायचास, ‘पेशंटले डाक्टर आहे, घरचे आहेत. गाडीवाल्याच्या मागं कोन आहे? मी आहे.’ हे तू छाती पुढे काढून म्हणाला नाहीस. दाढ कोरता कोरता म्हणालास. मी तेव्हा हसलो होतो.

मग तुझंच रक्त कमी व्हायला लागलं. हाडांच्या आतलं कामच मंदावलं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. तू आम्हाला सांगितलंस ते असं: ‘कारखाना बंद पडून राह्यला. आता मालाची आयात.’ सुरुवातीला तू दवाखान्यात पिशवी लावून घ्यायचास आणि उरलेल्या हाताने फोनवर आम्हाला पळवायचास. सिस्टर ओरडायची. मग तेही झेपेना. तू फोनचं काम प्रमोदला दिलंस. दवाखान्यांना त्याचा नंबर कळवलास, आम्हाला बजावलंस की आता दोन्ही फोन प्रमोदला. प्रमोद म्हणाला, ‘भाऊ, मी शेतात असतो, चिखलात हात असतात माहे.’ तू म्हणालास, ‘कानाले तं चिखल नाई लागला.’ आणि दिलंस सोपवून. तुझा स्वतःचा फोन मात्र उशाशीच राहिला.

तुझ्यासाठीची पिशवी वर्ध्याहूनच यायची. म्हणजे आपल्यापैकीच कुणीतरी आणायचं. हे तुला माहीत होतं, आम्हालाही होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. एकदा पुलगावच्या दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हा मी तोंड उघडलं.

‘परवाची पिशवी मी—’

‘सांगू नोको.’ तू हात वर केलास. त्या हाताला सुई लावलेली होती. ‘कोनाचं रक्त माईत नाई, कोन आनते माईत नाई. असं बरं वाटते मले. देवाघरचं आल्यावानी वाटते. तू आनलं म्हनशीन तं मले तुह्या गाडीची काळजी, रस्त्याची काळजी. मंग थे रक्त अंगाले कसं लागन?’

‘मग मी दारातून परत जाऊ?’

‘डबा घेऊन आला तं वर येऊ नोको. भेटाले याचं असन तं रिकाम्या हातानं ये. बसू, बोलू. भांडू.’

मी हो म्हणालो. आजारी माणसाचा हट्ट म्हणून नाही. तू हरणार नाहीस, हे माहीत होतं म्हणून.

त्या शेवटच्या दिवशी प्रमोदचा फोन आला. ‘मास्तर, पुलगाव. लवकर.’ नाव त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रक्तपेढीत पिशवी डब्यात ठेवली, पट्टा दोनदा आवळला. मी गाडी काढली. तो रस्ता मला पाठ आहे. कुठे खड्डा, कुठे रोही, कुठे कुत्री. पण त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा डब्याशी बोललो. पोच बाबा वेळेवर, म्हणालो. चांगला शिकलेला माणूस थर्माकोलच्या डब्याशी बोलत चालला होता.

काउंटरवर डबा दिला. सिस्टरने पिशवीवरचा नंबर ताडून पाहिला आणि ती आत गेली. समोर जिना होता. वरच्या मजल्यावर डाव्या हाताला तुझी खोली, तिची खिडकी गाड्या लावतात तिकडे उघडते. मी पहिल्या पायरीशी गेलो. खरंच गेलो. मग तुझा सुईवाला हात आठवला. म्हटलं, उद्या येऊ. डबा न घेता येऊ. दुपारभर बसू आणि हे भांडण एकदाचं मिटवू. बाहेर येऊन किक मारली. माझ्या गाडीचा आवाज तुला ठाऊक आहे. तू म्हणायचास, मास्तरची गाडी म्हणजे आपली जुनी पॅसेंजर, आधी आवाज येते अन् मंग गाडी. त्या आवाजातच मी वळलो.

प्रमोदला ‘पोचलं’ सांगितलं होतं. नालवाडीला घरी आलो, पाय धुतले, प्रमोदला ‘घरी’ सांगितलं. तो म्हणाला, ‘हाव मास्तर.’ तुझं ‘झालं मंग’ त्याला अजून जमत नाही. मी जेवलो. उद्या न्यायला संत्री आणून ठेवली होती, ती लताला दाखवली. सकाळी प्रमोदचा फोन आला तेव्हा वाटलं डबा आहे. तो म्हणाला, ‘मास्तर, भाऊ गेले.’ आणि मग मोठ्याने रडला. मी संत्र्यांच्या पिशवीकडे बघत उभा राहिलो.

वर्धा नदीच्या काठावर तुला पोचवून सगळे पांगले. प्रमोदने गाडी सुरू केली, बंद केली, माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘मास्तर, घरी पोचल्यावर फोन करजा.’ आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही मान फिरवली. मला तुझा राग आला, सुधाकर. दोन फोनचा नियम तूच केलास आणि तूच मोडलास. तू निघाल्याचं तेवढं कळलं. पोचल्याचं कोण सांगणार?

तेरवीला पंगत उठल्यावर वहिनींनी मला मागच्या अंगणात बोलावलं. नळाजवळ भांड्यांचा ढीग होता. त्या उभ्याच होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

‘भाऊजी, त्या दिवशी तुमी खाली आलते नं?’

‘आलो होतो.’

‘त्याइनं ओयखलं. गाडीचा आवाज आयकला अन् म्हने, मास्तर आला. मी म्हनलं, बलावू का वर? तं म्हने, नोको. डबा आनला असन. जाऊ दे त्याले, दिवस बुडाच्या आत देवळी पार झाली पायजे.’

मी भिंतीला टेकलो.

‘मंग सांज झाली. मी खिचडी नेली. तं खाईनाच. म्हने, मास्तरचा फोन येऊ दे. मी म्हनलं, आता फोन प्रमोदले करते नं सगळे. तं म्हने, हाव, पन मास्तर मले करन. फोन छातीवर ठेवला. घडीघडी पाहे. म्हने, रोही तं नाई आली आडवी?’

नळ थेंब थेंब गळत होता, तो त्यांनी घट्ट केला.

‘मले पाहावलं नाई भाऊजी. मी बाहेर गेली. दारामागं उभी राह्यली जराशीक. अन् आतमंदी येऊन सांगतलं, मास्तरचा फोन आलता, माह्या फोनवर. घरी पोचले म्हने. तसे हसले. म्हने, झालं मंग. दोन चमचे खिचडी खाल्ली, अन् झोपले. मंग काई बोललेच नाई.’ आणि मग त्या एकदम रडायला लागल्या. ‘मी खोटं बोलली भाऊजी. आखरी वक्ताले खोटं बोलली त्याइच्यासंग. आता कोनाजवळ माफी मांगू?’

मी म्हणालो, ‘वहिनी, तुम्ही खोटं नाही बोललात. मी तेव्हा घरीच होतो.’

‘खरंच?’

‘खरंच. पाय धुवून बसलो होतो.’

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘मंग बरं झालं.’ त्यांचं ओझं तेवढ्याने उतरलं. ते माझ्याकडे आलं आणि मी ते घेऊन घरी आलो.

आपल्या भांडणाचा निकाल असा लागला बघ. इतके डबे नेले, काउंटरच्या पलीकडे काय झालं ते कळावं म्हणून मी तुझ्याशी वाद घातला, आणि एकाच डब्याचं सगळं कळलं. खिडकीपासून खिचडीपर्यंत. तू म्हणायचास ते खरं होतं. कळल्यावर गाडी चालवता येत नाही. प्रमोदचे फोन येत राहिले, मी घसा बसल्याचं सांगत राहिलो. मोटारसायकल घशाने चालवतात का, असं तू विचारलं असतंस. तो बिचारा भला आहे, त्याने विचारलं नाही.

पण माझंही थोडं ऐक. कळलं नसतं, तर मला कधी समजलंच नसतं की तू रक्ताची वाट बघत नव्हतास, माझी बघत होतास. त्या खोलीत मरण तुझ्या उशाशी होतं आणि तू मला रोही तर आडवी आली नाही ना, याची काळजी करत होतास. आणि मी इकडे दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत होतो. हे ठाऊक नसलेला माणूस म्हणून जगण्यापेक्षा ठाऊक असून पहिल्या घासाला अडखळलेलं बरं. एवढं माझं म्हणणं आहे. उत्तर देऊ नकोस. या वेळी शेवटचं वाक्य माझं.

आज प्रमोदचा फोन आला. ‘मास्तर, पुलगाव. तुमाले जमन तं...’ म्हटलं, जमेल. त्याच्या पुढचा शब्द न ऐकताच चप्पल घातली. तोच रस्ता, तोच काउंटर. सिस्टरने मला ओळखलं, मान हलवली. मीही हलवली. जिन्यावर एक बाई ताटली घेऊन बसली होती, चेहरा उतरलेला. तिचंच कुणीतरी असेल वर. ती पेशंटजवळ होती, रक्तपेढीच्या बाकावर नव्हती, एस.टी.त नव्हती. मी काही विचारलं नाही. गाडी वळवली. वळवताना वर, डाव्या हाताच्या खिडकीकडे बघितलं. तिथे कुणाचा तरी टॉवेल वाळत होता.

घरी आलो. प्रमोदला ‘घरी’ सांगितलं. मग ओसरीवर बसून तुझा नंबर लावला. तो फोन आता वहिनींकडे असतो, हे मला माहीत होतं. तरी घंटी वाजायला लागली तेव्हा मी उठून उभा राहिलो.

‘कोन, भाऊजी?’

पलीकडे कुकरची शिटी झाली. त्या थांबून राहिल्या, फोन ठेवला नाही.

‘वहिनी,’ मी म्हणालो, ‘घरी पोचलो.’

मग त्या हळूच, पण अगदी तुझ्याच चालीवर म्हणाल्या, ‘झालं मंग. जेवजा.’ आणि फोन ठेवला.

लताला म्हटलं, वाढ. वांग्याची भाजी होती, प्रमोदच्या वाडीतली. पहिला घास तोंडात गेला, सुधाकर. तुझं ताट कुठे झाकून ठेवलेलं असेल तर ते उघड. मी घरी आहे. तूही जेव आता.